सोडून जाणाऱ्याचं काय?

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलचा क्लब कुणी निवडत नाही. ज्या पॅरिशमध्ये जन्म झाला, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत घर आहे, तिथला क्लब तो आपला. सहा-सात वर्षांचं पोर त्याच्या रंगाचा शर्ट अंगात घालतं आणि गुडघे साथ देतील तोवर तोच घालतं. पगार नाही, लिलाव नाही, करार नाही. घर बदललं तर रीतसर बदली मागता येते; पण शेजारचा संघ जास्त चांगला म्हणून तिकडे गेलेल्या माणसाचं नाव दक्षिण आर्मामध्ये कसं घेतात, ते मी ऐकलं आहे. आपल्याकडे वाटणीसाठी कोर्टात गेलेल्या चुलत्याचं घेतात तसं.

मी भूलतज्ज्ञ. १९८९ साली न्यूरीच्या एका रुग्णालयात नोकरीला आलो, तिथूनच निवृत्त झालो, आणि आता तिथेच राहतो. क्रॉसमॅग्लेन तिथून गाडीने अर्ध्या तासावर. खेळाचं मला वेड नाही. कॉलेजात असताना कबड्डीच्या मैदानावरसुद्धा मी गेलो तो कुणाचं तरी मनगट बघायला. क्रॉसमॅग्लेन रेंजर्स या क्लबने मला धरलं ते वेगळ्याच कारणाने. घरून निघताना एक प्रश्न मी न सोडवता बरोबर आणला होता, आणि तो इथे चिखलात, पावसात, काळ्या-पिवळ्या शर्टांत पुन्हा समोर आला.

आम्ही न्हावी. वाई तालुक्यातल्या एका गावात आमच्या भावकीकडे बलुतं होतं. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, त्याबदल्यात वर्षभर गावाची हजामत. सेना महाराजांच्या पुण्यतिथीला आमच्या आळीत कीर्तन असायचं, आणि बुवा दर दोन-तीन वर्षांनी स्वधर्मावर यायचेच. आपलं कर्म हलकं दिसलं तरी तेच तारतं, दुसऱ्याचं कितीही गोजिरं असलं तरी त्यात भय आहे, असा एकूण सूर. त्या जागी आलं की माझे वडील, आबा, उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. विशीत असतानाच त्यांनी धोकटी खाली ठेवली होती, फायनलची परीक्षा दिली होती आणि प्राथमिक शाळेत मास्तर झाले होते. पाटलांच्या वाड्यावरून त्यानंतरही बोलावणं यायचं, ते दाढी करायला. पण आबांना त्याचं फार वाटलं नाही. त्यांना लागलं ते सख्ख्या थोरल्या भावाचं अबोल्यात जाणं. अख्खं गाव त्या एकट्याच्या वस्तऱ्यावर येऊन पडलं होतं. माझे काका आबांशी पुढची अकरा-बारा वर्षं धड बोलले नाहीत.

जन्माने पदरात पडलेल्या गोष्टीला जीव लावणं यात काही पुण्य आहे, की ती नुसती सवय, किंवा भीती? आबांचं उत्तर ठरलेलं होतं. माझं ठरलं नव्हतं, कारण मी काकांचाही लाडका होतो.

क्रॉसमॅग्लेन हे दीड-दोन हजार वस्तीचं गाव. मोठा थोरला बाजारचौक, आणि दक्षिणेला हाकेच्या अंतरावर उत्तर आयर्लंडची सीमा. आर्मा परगण्याचा हा कोपरा ब्रिटिश राज्यात राहिला तो नकाशावर. मनाने तो कधीच राहिला नाही. १९७० च्या दशकात हिंसाचार पेटला तेव्हा लष्कराने पोलीसठाण्याला लागून गावात तळ बांधला, आणि त्यासाठी रेंजर्सच्या जागेचा तुकडा ताब्यात घेतला. १८८७ सालचा क्लब. मैदानाच्या एका अंगाला पत्रे, काँक्रीट, जाळ्या आणि टेहळणीचा मनोरा उभा राहिला. रस्त्यांत सुरुंग असायचे, म्हणून सैनिकांची ने-आण हेलिकॉप्टरने. खेळ चालू असताना हेलिकॉप्टर डोक्यावरून खाली उतरायचं आणि खेळाडूंना थांबून राहावं लागायचं. चेंडू भिंतीपलीकडे गेला की तो गेला, असं लोक सांगत. सरावाला निघालेल्या पोरांना नाक्यावर उतरवून, बूट काढायला लावून, तासतासभर थांबवून ठेवल्याच्या गोष्टी तर घरोघरी. क्लबने दुसरीकडे जागा घेऊन तिथे जावं, असं सुचवणारे होते. क्लब हलला नाही.

मी आलो तेव्हा हे सगळं पंधरा-वीस वर्षं चालत आलेलं होतं आणि क्लब काही जगप्रसिद्ध नव्हता. पुढच्या दहा वर्षांत तो झाला. म्हणून त्या दशकाबद्दल लिहितो आहे. आधीचं आणि नंतरचं पुष्कळांनी लिहिलं आहे.

दशकाची सुरुवात माझ्या आठवणीत एका मृत्यूने होते. मे १९९० मध्ये कार्डिनल तोमास ओ फिआख लूर्दच्या यात्रेत असताना वारले. ते आयर्लंडच्या कॅथलिकांचे प्रमुख धर्मगुरू, आर्माचे आर्चबिशप; जन्म क्रॉसमॅग्लेनशेजारच्या कलीहॅनाचा. इतिहासाचे प्राध्यापक, आयरिश भाषेचे जाणकार, आणि गेलिक फुटबॉलचे शौकीन. १९७८ मध्ये मेझ तुरुंगातल्या कैद्यांची अवस्था बघून आल्यावर त्यांनी तिची तुलना कलकत्त्याच्या झोपडपट्टीत सांडपाण्याच्या पाइपात राहणाऱ्या माणसांशी केली होती. हे मी पुढे वाचलं तेव्हा थोडी चीडही आली. दु:ख आयर्लंडचं आणि उपमेला मात्र आम्ही. पण त्यांच्या अंत्यविधीच्या दिवसांत आमच्या रुग्णालयातला एक पोर्टर, ट्रॉली ढकलणारा, क्रॉसमॅग्लेनचा, मला जे म्हणाला ते अजून लक्षात आहे. "डॉक, तो रोमला गेला, कार्डिनल झाला, पण त्याला विचारलं तू कुठला, तर तो परगण्याचं नाव सांगत नसे. पॅरिशचं सांगे."

हा पोर्टर पुढे माझा मित्र झाला. त्याच्या नादाने मी पहिला सामना पाहिला. खेळ समजायला अवघड नाही. एका बाजूला पंधरा. हाताने, पायाने, दोन्हीने चेंडू न्यायचा. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर त्या काळी एक. म्हणून गुणफलक १-१४ असा लिहितात. पांढऱ्या कोटातला पंच गोलला हिरवं निशाण दाखवतो, गुणाला पांढरं. मला खेळापेक्षा मनोऱ्याने जास्त गुंतवलं. त्याच्या फटीमागे कुणीतरी होतं. ग्लासगोचा, लीड्सचा, कुठला तरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा. दर रविवारी बसून बसून त्याला आतापर्यंत हे सगळे खेळाडू नावानिशी ठाऊक झाले असणार, कोण डाव्या पायाचा, कोण दमतो, हेही. क्लबच्या घटनेप्रमाणे मात्र तो कधीच त्या क्लबचा सभासद होऊ शकत नव्हता. गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा एकविसावा नियम: ब्रिटिश सैन्यात आणि उत्तर आयर्लंडच्या पोलिसांत असणाऱ्यांना सभासदत्व नाही. त्या नियमाकडे परत येऊ.

१९९५ मध्ये शेजारच्या मुल्लाबॉन पॅरिशने आर्मा परगण्याचं क्लब अजिंक्यपद जिंकलं आणि मग अल्स्टर प्रांताचंही जिंकलं. क्रॉसमॅग्लेनला हे झोंबलं. ते कबूल करत नाहीत, पण पोर्टर तो हिवाळाभर ट्रॉली जरा जोरात ढकलत होता. पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, रेंजर्सनी आर्मा घेतलं. त्यानंतर सलग तेरा वर्षं, २००८ पर्यंत, त्यांनी ते सोडलं नाही. प्रशिक्षक जो कर्नन, गावचाच. १९७७ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात आर्माकडून दोन गोल करून हरलेला. हाताशी टोनी आणि जॉन हे मॅकएंटी जुळे भाऊ, ऑशीन मॅककॉनव्हिल, मग फ्रान्सी बेल्यू. सगळे एकाच हद्दीतले, एकाच शाळेचे, बरेचसे एकमेकांचे नातलग. १७ मार्च १९९७ ला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर त्यांनी मेयोच्या नॉकमोरला २-१३ विरुद्ध ०-११ असं हरवून अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद जिंकलं. मी ड्यूटीवर होतो. डॉक्टरांच्या खोलीतल्या टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलं, दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये.

त्याच्या पाच आठवडे आधी, बेसब्रुकच्या नाक्यावर, तेवीस वर्षांचा एक ब्रिटिश सैनिक एका स्थानिक बाईला तिचं ड्रायव्हिंग लायसन्स परत देत असताना लांबून झाडलेल्या गोळीने मेला. शांतता करारापूर्वी मारला गेलेला तो शेवटचा सैनिक ठरला. बेसब्रुक आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. त्या नाक्यावर मीही लायसन्स दाखवत असे. मार्चमध्ये टीव्हीवर काळे-पिवळे झेंडे नाचताना मला त्याची आठवण झाली, आणि आपण आनंदात खोडा घालतो आहोत असं वाटून मी ते कुणाला बोललो नाही. क्लबचा त्या गोळीशी काही संबंध नव्हता. खेळणारी पोरं खेळत होती, एवढंच. पण ज्या जमिनीच्या प्रेमाने ती खेळत होती, त्याच जमिनीच्या प्रेमाचं नाव घेऊन कुणीतरी बंदुकीला दुर्बीण लावली होती. प्रेम तेच. हे मला नीट बाजूला ठेवता येईना.

१९९९ मध्ये पुन्हा अजिंक्यपद, बॅलिना स्टीफनाइट्सविरुद्ध ०-९ ते ०-८, एका गुणाने. २००० मध्ये तिसऱ्यांदा, डब्लिनच्या ना फिआनाविरुद्ध १-१४ ते ०-१२. दरम्यान एप्रिल १९९८ चा करार झाला, ऑगस्टमध्ये ओमामध्ये बॉम्बने २९ माणसं मारली, तरीही करार टिकला. लष्कराने बळकावलेली जमीन क्लबला परत मिळाली. ही सगळी दहा वर्षं लोक एका वाक्यात सांगतात: त्यांनी आमच्या छाताडावर तळ बांधला आणि आम्ही त्याच्या सावलीत खेळून आयर्लंड जिंकलं. वाक्य खरं आहे. स्वधर्मावरचं मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं निरूपण तेच असावं. कुणी शस्त्र उचला म्हणालं नाही, कुणी पळा म्हणालं नाही. आपलं आहे ते मैदान, आपली आहेत ती पोरं, मंगळवार-गुरुवारचा सराव, फळ मिळेल न मिळेल. बुवांनी हे ऐकलं असतं तर कीर्तनात घेतलं असतं.

आणि आबा ओट्यावर जाऊन बसले असते.

कारण बुवांच्या स्वधर्मातला नेमका अडचणीचा प्रश्न इथेही झाकलेलाच राहतो. राहणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. सोडून जाणाऱ्याचं काय?

रेंजर्सच्या मैदानाचं नाव सेंट ऑलिव्हर प्लंकेट पार्क. कमानीखालून मी कितीदा तरी गेलो असेन. नावाकडे लक्ष गेलं ते फार उशिरा, ड्रॉहेडाच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये. तिथे काचेच्या पेटीत प्लंकेट यांचं मस्तक ठेवलेलं आहे. काळवंडलेलं, सुकलेलं, पण ओळखता येईल असं माणसाचं तोंड. भूलतज्ज्ञाला मृत चेहऱ्यांची सवय असते, तरी मी तिथे जरा जास्त वेळ थांबलो आणि मग त्यांच्याबद्दल वाचायला लागलो.

जन्म १६२५, मीथ परगण्यात. १६४७ मध्ये रोमला गेले आणि वीस-बावीस वर्षं परत आले नाहीत. आले ते आर्माचे आर्चबिशप होऊन, १६७० मध्ये. देशात कॅथलिक धर्मावर बंधनं, धर्मगुरू लपूनछपून फिरणारे. प्लंकेट यांनी शाळा काढली, हजारोंना दीक्षा दिली, आणि बेशिस्त, दारुड्या पाद्र्यांना सरळ करायला घेतलं. यात पुष्कळ शत्रू झाले. इंग्लंडमध्ये "पोपचा कट" नावाची खोटी भीती पसरली तेव्हा त्यांना पकडून लंडनला नेलं, राजद्रोहाचा खटला चालवला आणि १ जुलै १६८१ ला टायबर्नला फाशी देऊन देहाचे तुकडे केले. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोण गेलं? एडमंड मर्फी, किलीव्ही पॅरिशचा पाद्री. किलीव्ही म्हणजे न्यूरीच्या उशाशी, दक्षिण आर्माच. जॉन मॅकमॉयर, आर्माचाच धर्मबंधू. फ्लॉरेन्स मॅकमॉयर, ज्याच्या घराण्याकडे नवव्या शतकातली "बुक ऑफ आर्मा" ही पवित्र पोथी पिढ्यानपिढ्या सांभाळायला होती. लंडनच्या खर्चासाठी त्याने ती पाच पौंडांना गहाण टाकली. हद्दीतली माणसं. आतली. फासाखाली उभं राहून प्लंकेट यांनी या साक्षीदारांना क्षमा केली. १९७५ मध्ये ते संत झाले.

दक्षिण आर्मामध्ये खबऱ्याइतका हीन माणूस दुसरा नाही. खून करणाऱ्याला लोक हळूहळू ओळख देतात, खबऱ्याला नाही. आणि मैदानाच्या कमानीवर नाव आहे खबऱ्यांनी मारलेल्या आणि खबऱ्यांना क्षमा केलेल्या माणसाचं! हे मी पोर्टरला सांगितलं. तो म्हणाला, "क्षमा करणं त्याचं काम होतं, तो संत होता. आमचं काम मैदान राखणं." उत्तर चांगलं होतं. तरी मला त्यात एक फट दिसत राहिली. प्लंकेट यांना घडवणारी हद्द आणि त्यांना विकणारी हद्द एकच. सोडून गेले तोवर ठीक. परत येऊन नवं काही सांगू लागले तेव्हा ती हद्द उलटली. ख्रिस्ताचंही त्याच्या नाझरेथने हेच केलं. लूकच्या शुभवर्तमानात गावकरी त्याला कड्यावरून ढकलून द्यायला निघाले होते. आणि आमची आळंदी? विठ्ठलपंत संसार सोडून गेले म्हणून एकदा, परत आले म्हणून दुसऱ्यांदा गुन्हेगार. पोरांना शिक्षा तहहयात. आज आळंदीची ओळख त्याच पोरांमुळे आहे. धर्म माणसाला गावाशी बांधतो असं आपण म्हणतो, पण ज्यांच्यामुळे धर्म धर्म झाला त्यांच्यातले बरेच जण गावाने बाहेर काढलेले आहेत. गाव नंतर त्यांच्या नावाची कमान बांधतं.

आता तो एकविसावा नियम. पोर्टरशी माझं यावर वर्षानुवर्षं भांडण झालं. चहाच्या कपावर, लिफ्टमध्ये, एकदा तर मी रुग्णाला भूल द्यायच्या तयारीत असताना. त्याचा मुद्दा उघड होता. ज्यांनी मैदान बळकावलं त्यांनाच सभासद करायचं? १९२० साली ज्यांनी क्रोक पार्कवर सामना चालू असताना गोळ्या झाडून चौदा जणांना मारलं, खेळणाऱ्या मायकेल होगनला मारलं, त्यांच्या वारसांना? दुबळ्याकडे दार बंद करण्यापलीकडे असतं काय? मी ऐकत होतो, आणि त्यातलं बरंचसं मला पटत होतं. आपल्याकडच्या बंद दारांशी या दाराची तुलना करायचा मोह मी तेव्हाच सोडला. तिथे बलवानांनी दुबळ्यांना बाहेर ठेवलं. इथे उलट होतं.

पण नियम प्रत्यक्षात कुणाला लागत होता? मनोऱ्यातला लीड्सचा मुलगा काही सभासदत्वाचा अर्ज करणार नव्हता. पोलीसदलात शंभरात नव्वदच्या वर प्रोटेस्टंट. तेही गेलिक फुटबॉलकडे फिरकत नव्हते. उरले शंभरातले आठेक कॅथलिक. म्हणजे एखाद्या पॅरिशमध्ये वाढलेला, सातव्या वर्षापासून तो शर्ट घातलेला, मग काही कारणाने पोलिसात गेलेला मुलगा. नियम परक्यासाठी लिहिलेला दिसत होता, आणि पडत होता घरातल्याच सोडून जाणाऱ्यावर. गंमत अशी की १८८४ मध्ये थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात ही संघटना जन्मली तेव्हा त्या खोलीतल्या सात-आठ जणांत टॉमस सेंट जॉर्ज मॅककार्थी नावाचा एक पोलीस अधिकारी होता. पोर्टरला हे माहीत होतं. तो म्हणाला, "म्हणूनच नियम करावा लागला." विनोद म्हणून उत्तम.

१९९८ मध्ये संघटनेने नियमावर खास अधिवेशन घेतलं आणि निर्णय पुढे ढकलला: पोलीस बदलू द्या, मग बघू. पोलीस बदलले. नोव्हेंबर २००१ मध्ये नवं दल उभं राहिलं, कॅथलिकांची निम्मी भरती ठरली, आणि त्याच महिन्यात नियम रद्द झाला. उत्तरेतल्या सहा परगण्यांपैकी फक्त डाउनने बाजूने मत दिलं. आर्मा विरोधात. क्रॉसमॅग्लेनला न्याय द्यायचा तर, ज्यांनी मनोऱ्याखाली पंचवीस-तीस वर्षं काढली त्यांना "आता विसरा" म्हणणं डब्लिनमध्ये बसून सोपं होतं. पोर्टर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. जणू मीच मत दिलं होतं.

नियम गेला म्हणजे गोष्ट मिटली असं झालं नाही. नव्या दलाचा गेलिक फुटबॉल संघ निघाला, आयरिश पोलिसांशी त्यांचे सामने व्हायला लागले, चषकाला त्या मॅककार्थीचं नाव दिलं. त्या संघाचा कर्णधार होता पॅडर हेफरन, अँट्रिमकडचा, आयरिश बोलणारा, गेलिक खेळात मुरलेला. जानेवारी २०१० मध्ये त्याच्या गाडीखाली लावलेल्या बॉम्बने त्याचा पाय गेला. पुढे २०१७ मध्ये त्याने मुलाखतीत जे सांगितलं ते वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. बॉम्बबद्दल तो फार बोलला नव्हता. पोलिसात गेल्यावर ज्यांच्याबरोबर लहानपणापासून खेळलो त्यांनी तोंड फिरवलं, हे त्याला जास्त लागलं होतं. पाटलाच्या निरोपापेक्षा काकांचा अबोला जिव्हारी लागतो, हे मला कुणी समजवायची गरज नव्हती.

माझं मत इथे येऊन थांबलं, आणि ते बदलेल असं वाटत नाही. जन्माने मिळालेल्या जागेवर, माणसांवर, कामावर जीव टाकणं यात पुण्य आहे. काकांच्या वस्तऱ्यात ते होतं, जो कर्ननच्या सरावात होतं. पण ते पुण्य आहे की नुसता दाब, हे राहणाऱ्याकडे बघून कधीच कळत नाही, कारण जीव लावून राहणारा आणि दाबामुळे राहणारा, दोघंही सारखाच घाम गाळतात. कळतं ते सोडून जाणाऱ्याचं काय केलं यावरून. कीर्तनकार बुवा भयाची भाषा वापरत होते ते यामुळेच असेल. सोडल्यावर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते देव करत नव्हता, आळी करत होती.

आणखी एक गोष्ट यात येते, आणि ती सांगताना मी जपून सांगतो, कारण ती ज्याची आहे त्याने स्वतःच जाहीर केली आहे. ऑशीन मॅककॉनव्हिल हा त्या सुवर्णकाळाचा लाडका. २००२ मध्ये आर्मा परगण्याच्या संघाने पहिल्यांदा अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं, कर्ननच प्रशिक्षक, केरीविरुद्ध. ऑशीनने पहिल्या भागात पेनल्टी चुकवली आणि दुसऱ्या भागात गोल केला. अख्ख्या आयर्लंडने तो पाहिला. त्याच काळात तो जुगारात बुडालेला होता, कर्जात होता, आणि गावात कुणाला पत्ता नव्हता. २००५ मध्ये तो उपचारांना गेला, २००७ मध्ये पुस्तक लिहून सगळं सांगितलं, पुढे व्यसनी लोकांचा समुपदेशक झाला. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं आजोळ माहीत, तिथे हे लपून राहिलं कसं? माझा तर्क असा की जिथून बाहेर पडायची वाटच नसते तिथे माणूस आतल्या आत बाहेर पडतो. भूलतज्ज्ञाचा तर्क आहे, मानसोपचारतज्ज्ञाचा नाही. पण त्याने तोंड उघडल्यावर गावाने त्याला टाकलं नाही, हेही खरं, आणि मी वर जी कसोटी सांगितली तिच्यावर हे क्रॉसमॅग्लेनच्या खात्यात जमा होतं. तो पुन्हा त्याच शर्टात खेळला, पुन्हा जिंकला.

क्रेगनचं चर्चआवार क्रॉसमॅग्लेनजवळच आहे. चर्च प्रोटेस्टंटांचं, कबरी दोघांच्या. अठराव्या शतकातला कवी आर्ट मॅक कूई तिथे पुरलेला. त्याच्या प्रसिद्ध गीतात एक परी त्याला दूर, दु:ख नसलेल्या देशात चल म्हणते, आणि तो जायला तयार होतो एका अटीवर: कुठेही मेलो तरी मला क्रेगनच्या माणसांशेजारी पुरा. पोर्टरला हे पाठ आहे. निवृत्त झाल्यावर एकदा तो मला तिथे घेऊन गेला आणि विचारलं, "डॉक, तुम्हाला कुठे?" आम्ही जाळतो, मी म्हणालो. राख कृष्णेत की क्लॅनराय नदीत, हे पोरांवर सोडलं आहे. त्याला हे उत्तर आवडलं नाही. माणसाला एवढंसुद्धा ठरलेलं नसावं, याची त्याला कीव आली असावी.

२००७ मध्ये लष्कराची मोहीम अधिकृतपणे संपली. त्याच वर्षी रेंजर्सनी चौथं अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद घेतलं, मग २०११, मग २०१२. सहा. गावातली पोरं आता डब्लिनला, सिडनीला, न्यूयॉर्कला जातात, काही परत येतात, आणि जाणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, निदान तोंडावर. मी पोर्टरला परवा विचारलं: जिथे सोडून जाणं सोपं आहे अशा गावात १९९७ घडलं असतं का? सगळी पोरं तिथेच होती, जाणार कुठे, म्हणून तर तो संघ झाला ना?

"नसतं घडलं," तो लगेच म्हणाला. मग, माझ्याकडे बघून, "तुमचे वडील वस्तरा धरून राहिले असते तर मला १९९१ मध्ये भूल कुणी दिली असती?" त्याच्या अपेंडिक्सबद्दल बोलत होता. मला वाटलं तो माझी बाजू घेतो आहे. "पण तुमच्या काकांनी धरला नसता," तो पुढे म्हणाला, "तर तुमच्या आबांना सोडता आला असता का?"

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. काकांना विचारायला हवं होतं. ते १९८६ मध्ये गेले, आणि आबांशी शेवटी बोलायला लागले होते ते माझ्या मेडिकलच्या प्रवेशानंतर, फीसाठी त्यांनी बलुत्याच्या ज्वारीचे पैसे आणून दिले तेव्हापासून.